पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आलेलं नाव

ये गो, अशी जवळ बस. कागद हातात घेऊन दारात उभी राहू नकोस, एक डोळा गॅसवर आणि एक माझ्या अक्षरावर. ओळखते मी तुला. दूध उतरव, गॅस बंद कर आणि बस. आणि काय गो हे वागणं? तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या लेकीनं उचलला, "आई कामावर गेलीय" म्हणाली, आणि मागनं तुझाच खोकला ऐकू आला. मी म्हातारी झाले बाय, बहिरी नाही झाले अजून. काकीशी बोलायचं नाही तर नको बोलू, पण पोरीला खोटं बोलायला लावू नये.

आता मी हे म्हणते, आणि मलाच लाज वाटते. कारण खोटं कोण बोललं आणि कोण गप्प बसलं, तेच तुला सांगायला बसलेय.

माझं लिहिणं तुला ठाऊक आहे. शाळेत गेले नाही, एस.टी.च्या पाट्या वाचत अक्षरं शिकले. आधी पोलादपूर वाचता यायला लागलं, मग महाड, मग बाकीचं. त्यामुळे लिहिताना मी बोलते तशीच आडवाटेनं जाते. सांभाळून घे.

तुला आमची बायकांची पतसंस्था माहीत आहे, पण फक्त खिडकीच्या बाहेरून. आतलं तुला कुणी सांगितलं नाही. मी तिथं संचालिका, डोंगराकडच्या वाड्यांच्या बायकांच्या वतीनं. महाडात बाजाराच्या अंगाला तळमजल्यावर दोन खोल्या. आधी सगळं वह्यांमध्ये होतं, मग कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर आला तेव्हा तो बसवणारा माणूस म्हणाला, "ताई, या मशीनमधल्या नोंदींची एक नक्कल बाहेर कुठंतरी ठेवा. आग लागली, चोरी झाली, पाणी आलं, तर काय करणार?" आणि त्यानं एका कंपनीचं नाव सांगितलं, महिन्याला पैसे घेऊन नक्कल सांभाळणारी.

महाडच्या माणसाला पाणी आलं तर म्हणून सांगायला नको. सावित्री नदी दर दोन-चार वर्षांनी बाजारात येऊन जातेच. सगळ्यांना पटलं. मला मात्र महिन्याचे पैसे खटकले, आणि त्याहून जास्त खटकलं ते परक्याचं घर. मी उठून म्हणाले, "आपल्या बायांच्या नोंदी कुण्या अनोळखी माणसाच्या घरात कशाला? माझं घर हाय की. पोलादपूरच्या वर, उमरठच्या वाटेला, डोंगरावर. माझ्या उंबऱ्याला पुराचं पाणी लागलं तर समजा, महाड शोधायला होडी लागंल." सगळ्याजणी हसल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजींचं बरोबर आहे." ठराव झाला. त्या दिवशी मी घरी आले ती अशी तोऱ्यात, जणू किल्लेदारच झाले होते.

कामाची रीत अशी ठरली. दोन हार्ड डिस्क घेतल्या, तंबाखूच्या डबीएवढ्या. एक ऑफिसात, एक माझ्याकडे. दर शनिवारी दुपारी आमचा क्लार्क ताजी नक्कल भरून निघायचा. तुला तो आठवतो ना? गुडघे धरून चालणारा, सगळ्या बायांना "ताई" म्हणणारा. महाडहून पोलादपूर, पोलादपूरहून आमच्या वाडीची गाडी. ताजी डिस्क मला द्यायची, जुनी न्यायची. आणि नियम मीच केला होता: माझ्या हातातच द्यायची, शेजारी-पाजारी ठेवायची नाही, वहीत माझी सही घ्यायची. मी ती स्टीलच्या डब्यात ठेवायची. दमट हवा लागू नये म्हणून खाली ओंजळभर कोरडे तांदूळ. डबा माळ्यावर. क्लार्क चहा प्यायचा, गुडघ्याला तेल मागायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं उतरायचा. कितीतरी वर्षं हे चाललं. ऑडिटर आले की मी कौतुकानं डबा दाखवायची.

मग ते साल आलं, मोठ्या पुराचं.

आषाढात पहिल्या शनिवारी रस्त्यावर माती आली, वाडीची गाडी बंद. क्लार्कनं फोन केला, मी म्हटलं, राहू दे. ते कुणाच्या हातात नव्हतं. पुढच्या शनिवारी रस्ता मोकळा झाला, पण आमची लावणी सुरू झाली होती. तुला लावणी सांगायला नको, तूही माझ्या शेतात चिखलात उभी राहिलीयेस. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, अशी ती फेडाफेड. त्या पंधरा दिवसांत घरात माणूस सोडा, मांजरसुद्धा नसतं. मी त्याला म्हटलं, "घराला कुलूप हाय रे भाऊ, सगळी शेतात. पुढच्या शनिवारी ये." तो "बरं ताई" म्हणाला.

त्याच्या पुढच्या मंगळवारी तुझी सासू महाडात उतरली.

हे तुला माहीत नाही. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही, आणि मी तिची लग्नाच्या आधीपासूनची मैत्रीण. "तालुक्याला जाते, डोळे दाखवायला" असं तुला सांगून गेली असेल. सुजलेला पाय घेऊन, दोन गाड्या बदलून ती संस्थेत आली. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे तिनं आमच्याकडे ठेवले होते, आणि त्यावर वारस म्हणून थोरल्या मुलाचं नाव होतं, म्हणजे तुझ्या थोरल्या दिराचं. तुझा नवरा तेव्हा जिवंत होता, दोघं भाऊ बघून घेतील असा तिचा हिशेब. तो गेल्यावर हिशेब बदलला. तिनं थोरल्याचं नाव काढलं आणि तुझं घातलं.

दोन दिवस वीज नव्हती. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालत होता, पण त्याला प्रिंटर ओढवत नव्हता. क्लार्कनं फॉर्म भरला, तिचा अंगठा घेतला, कॉम्प्युटरमध्ये नाव बदललं आणि म्हणाला, "पावती पुढच्या खेपेला घ्या ताई." ती म्हणाली, "माझं काम झालं ना? मग कागद कशाला." आणि गेली.

त्या शनिवारी क्लार्क डिस्क भरून निघाला. त्या डिस्कमध्ये तुझं नाव होतं, बाय. पोलादपूरच्या स्टँडवर उतरून त्यानं मला फोन केला. त्या दिवशी माझ्या शेताची पाळी होती. चौदा बाया वाफ्यात वाकलेल्या, त्यांची भाकरी, चहा, सगळं माझ्यावर. मोबाईल बांधावर पिशवीत. चिखलाच्या हातानं उचलला.

"ताई, स्टँडवर आलोय. वरची गाडी लागलीय. येऊ का?"

"आज नको रे. मी घरी यायची म्हणजे माझा अर्धा दिस गेला. बाया खोळंबतील."

"शेजारी ठेवू का कुणाकडं?"

"शेजारी कोण हाय? शेजारीण माझ्याच वाफ्यात हाय. आणि नियम काय हाय आपला?"

"तिसरा शनिवार होतोय ताई."

"आभाळ नाय कोसळत. जा माघारी."

असं म्हणाले मी. शब्दन् शब्द लक्षात आहे. तो माघारी गेला. डिस्क ऑफिसच्या कपाटात ठेवली.

पुढच्या गुरुवारी पाणी आलं. ते कसं आलं ते तू सगळ्यांकडून ऐकलं असशील, मी सांगत बसत नाही. आमचं ऑफिस छतापर्यंत बुडालं. कॉम्प्युटर गेला, ताजी डिस्क गेली, फॉर्मांच्या फाइलींचा लगदा झाला. आणि डोंगरावर माझ्या डब्यात, तांदळावर, कोरडी ठणठणीत डिस्क बसली होती. जवळजवळ महिन्याची शिळी.

तुझी सासू त्यानंतर भाचीच्या घरातला चिखल काढायला महाडात उतरली आणि ताप घेऊन वर आली. दहा दिवसांत संपली. आमचा नवा कॉम्प्युटर यायला, तो माझ्या डिस्कवरून चालू व्हायला महिना गेला. पैशांचं बायांच्या पासबुकांवरून जुळलं, रात्रंदिवस बसून जुळवलं. पण वारसाचं नाव पासबुकात लिहिलेलं नसतं. ज्यांनी मधल्या आठवड्यांत बदल केला होता, त्यांनी पुन्हा येऊन फॉर्म भरा, अशी सूचना लावली. जिवंत होत्या त्या आल्या.

नवा कॉम्प्युटर चालू झाला त्या दिवशी क्लार्कनं तिचं खातं उघडलं. थोरल्याचं नाव. मग मला बाहेर व्हरांड्यात बोलावून सगळं सांगितलं, मंगळवारचं. मी विचारलं, "आणखी कुणाला ठाव हाय?" तो म्हणाला, "मला आणि आता तुम्हाला." मी म्हटलं, "बघू." बघू म्हणाले मी.

मग तू आलीस. लेकीला कडेवर घेऊन, ती तेव्हा लहान होती. मॅनेजरबाईंनी खातं बघून सांगितलं, "संस्थेच्या नोंदीत थोरल्या मुलाचं नाव आहे." तू म्हणालीस, "असं कसं? आत्या मरताना म्हणाल्या, तुझी सोय केली हाय." मॅनेजरबाई नवीन होत्या, त्यांना ठाऊक नव्हतं. क्लार्क टेबलाशी होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आतल्या बाकावर चहा घेऊन बसले होते. मी बशीत बघितलं. तो मला ताई म्हणतो, माझ्या घरचा चहा वर्षानुवर्षं प्यालाय. तोही गप्प राहिला.

तू जाताना हळू आवाजात म्हणालीस, "मरतानापण खोटंच बोलली म्हातारी."

ते मी ऐकलं.

मी तेव्हा उठून खरं सांगितलं असतं तरी पैसे थोरल्यालाच गेले असते, असं मॅनेजरबाई आता म्हणतात. नोंद नाही, कागद नाही, कायदा काय ऐकणार. असेल तसं. पण तू सासूला खोटी ठरवून मुंबईला गेली नसतीस. तिच्या वर्षश्राद्धाला आली असतीस. तिच्या फोटोला हार घालायला थोरल्याच्या बायकोला मी सांगावं, अशी वेळ आली नसती.

आता इतक्या वर्षांनी का बोलतेय, ते ऐक.

गेल्या वर्षी ऑडिटरनं लिहून दिलं, माळ्यावरचा डबा चालणार नाही, नक्कल नीट बाहेर ठेवायची सोय करा. तिघींची समिती नेमली: अध्यक्षबाई, मॅनेजरबाई आणि मी. मी नको म्हणत होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही प्रश्न फार विचारता, म्हणून तुम्हीच."

तीन कंपन्यांची माणसं आली. पहिला टाय लावून आलेला. चकचकीत कागद, वर कुलपाचं चित्र. तासभर बोलला. मी विचारलं, "तुमची मशीन जिथं हाय ती जागा कुठली?" म्हणाला, "अगदी जवळ, महाडच्याच एमआयडीसीत. कधीही येऊन बघा." मॅनेजरबाईंनी त्याचा कागद पालथा घातला. म्हणजे नक्कल जवळच ठेवायची माझीच चूक, फक्त मी निदान डोंगरावर तरी होते.

दुसरा स्वस्त होता. नोंदी कुलूप घालून ठेवतो म्हणाला. कुलपाची किल्ली कुणाकडे? तर म्हणे आमच्याकडेच, तुम्हाला त्रास नको. मी म्हटलं, "बाबा, माझ्या कपाटाची चावी तुझ्या कमरेला, तर कपाट कुणाचं?" शिवाय त्याची मशीन परदेशात. मॅनेजरबाई म्हणाल्या, "बायांच्या नोंदी देशाबाहेर धाडायच्या नाहीत." तो गेला.

तिसरी पुण्याची बाई. साधा कुर्ता, पाठीला पिशवी, एस.टी.नं आलेली. तिनं आधी आमच्या भिंतीवरची पुराची रेघ बघितली आणि मग बसली. दोन नकला, दोन वेगळ्या शहरांत, दोन्ही आमच्या नदीपासून आणि एकमेकांपासून लांब. नोंदी इथून निघतानाच कुलूपबंद होणार, किल्ली फक्त आमची. तीही दोन भागांत, एक भाग अध्यक्षबाईंकडे, एक मॅनेजरबाईंकडे. जुनं काही पुसायचं झालं तर तिच्या कंपनीलाही परस्पर पुसता येणार नाही. मला बरी वाटली. मी विचारलं, "पावसात तुमचा माणूस इथं कसा पोचणार? रस्ते बंद होतात."

"माणूस लागतच नाही आजी. दर पंधरा मिनिटांनी आपोआप जातं."

"आणि लावणी असली तर?"

तिला कळलं नाही. "कसली लावणी?"

"भाताची. सगळी शेतात असली, घराला कुलूप असलं तर?"

"तेव्हापण जातं." ती हसली, बिचारीला वाटलं आजी गंमत करतात. "पूर आला, लाइन तुटली, तरी तुटायच्या आधीच्या पाव तासापर्यंतचं सगळं तिकडं सुरक्षित असणार."

पाव तास. मी मनात मोजायला लागले. मंगळवार ते गुरुवार, मध्ये एक शनिवार. क्लार्क कोपऱ्यात फायली लावत होता, तो उठून बाहेर गेला.

तीच कंपनी घेतली. ती बाई म्हणाली होती, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, परत मागून बघा. परत आलं नाही तर ठेवून उपयोग काय?" म्हणून पोलादपूरला पुरानंतर उघडलेल्या आमच्या शाखेत कोऱ्या कॉम्प्युटरवर चाचणी घेतली. दोघींनी आपापली किल्ली घातली, आणि अर्ध्या तासात अख्खी संस्था तिथं उभी राहिली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "आजी, कुठलंही एक खातं सांगा, तपासू."

मी तुझ्या सासूचं सांगितलं. बंद झालेलं खातं, पण नोंद असते. उघडलं. अंगठा, फोटो, पदर डोक्यावर घेतलेला. खाली वारस: थोरल्याचं नाव.

मॅनेजरबाई खुशीत म्हणाल्या, "तंतोतंत." तंतोतंतच होतं. आम्ही दिलं तेच त्या मशीननं परत दिलं. जे पोलादपूरच्या स्टँडवरून मी माघारी धाडलं, ते ती कुठून आणणार? तुझं नाव स्टँडपर्यंत आलं होतं, पोरी. तिथून माझ्या घरापर्यंत अर्ध्या तासाची गाडी.

मी तिथंच बोलले. सगळं, फोनवरच्या शब्दांसकट. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजी, झालं ते झालं, आता कशाला." मी म्हटलं, "प्रोसिडिंगच्या वहीत लिहा. माझ्या नावानं लिहा." पुढच्या मीटिंगमध्ये लिहिलं. मी वाचून खाली सही केली आणि संचालिकापद सोडलं. ठेवा म्हणत होत्या, पण मला ती खुर्ची बसू देईना.

मग तुझ्या थोरल्या दिराकडं गेले. त्यालाही सांगितलं. तो जनावरांना पेंढा घालत होता. ऐकून घेतलं. म्हणाला, "काकी, पैसे घराला लागले. आणि आई माझ्या नावावर ठेवून गेली, एवढंच मी धरून होतो. तेपण आज नेलंत." मग पुन्हा पेंढा घालायला लागला. त्याचंही मी काहीतरी मोडलं. एका शनिवारनं किती जणांचं काय काय मोडावं, याला काही मापच नाही. तो तुला काही देईल न देईल, मी त्यात शब्द देत नाही. एक खोटं निस्तरताना दुसरा खोटा शब्द द्यायचा नाही, एवढं शिकलेय.

माझ्यावर राग धर. धरायलाच हवा. पण सासूवर धरू नकोस. ती तुझ्याशी खरं बोलली होती. त्या सुजलेल्या पायानं ती खाली उतरली होती, तुझ्यासाठी.

आणि आणखी एक. क्लार्क यंदा निवृत्त झाला. गुडघे गेलेच होते, आता साखरेनं डोळेही जातायत. घरातून बाहेर पडत नाही. मी त्याला विचारलं, तुझं नाव घालताना ती काही बोलली का. म्हणाला, बोलली. काय बोलली? ते सांगेना. म्हणाला, "ताई, एकदा तुमच्याकडं बघून गप्प राहिलो. आता हे त्यांचं हाय, त्यांनाच तोंडानं सांगणार. चिठीत नाय, फोनवर नाय." मी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाला. मला ते ऐकायचा हक्क नाही, हे त्याला बरोबर कळलंय.

म्हणून सांगते, माझ्याकडं उतरायचं नसेल तर नको उतरू. महाडलाच उतर, त्याचं घर स्टँडच्या मागं आहे, कुणीही दाखवील. लेकीलाही आण, तिची आजी काय म्हणाली ते तिलाही ऐकू दे. त्याची तब्येत महिन्या-महिन्याला खाली चाललीय गो. येत्या रविवारी जमलं तर येत्या रविवारीच ये.